कोरडा वारा आणि पन्नाशीची त्वचा

मुंबईला हिवाळा नसतो, असे मुंबईबाहेरची माणसे म्हणतात आणि मुंबईकरही त्याला मान डोलावतात. तापमापकापुरते पाहिले तर ते फारसे खोटे नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा सोळा-सतरा अंशांवर उतरला, तरी आपल्याकडे त्याची बातमी होते. परंतु त्वचेला हिवाळा कळतो तो थंडीवरून नव्हे, हवेतील ओलाव्यावरून. पाऊस परतला की समुद्राकडून ओल घेऊन येणारा नैर्ऋत्येचा वारा थांबतो आणि जमिनीवरून, ईशान्येकडून कोरडा वारा वाहू लागतो. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. या दिवसांत पहाटेच्या मतलईचा जोर असतो आणि खारा वारा सुटायला दुपार होते. जुलैत पंच्याऐंशी टक्क्यांच्या घरात असलेली सापेक्ष आर्द्रता हिवाळ्यातील कोरड्या दुपारी पन्नासाच्याही खाली येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये खारा वारा रेंगाळला, तर त्याहूनही खाली. घाम येत नाही म्हणून आपण खूश असतो. त्याच वेळी अंगातील ओल मात्र नकळत उडून जात असते.

दिवाळीच्या सुमारास शीव कोळीवाड्यातील दवाखान्यात हा बदल मला बाहेर न पाहताही कळतो. पावसाळाभर बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या दाखवणारे पाय आता टाचांच्या भेगा दाखवू लागतात. पोटऱ्यांवर पांढुरकी भुकटी दिसते, पाठीवर नखांचे ओरखडे दिसतात. आणि हे पाय, ही पाठ बहुतांशी पंचेचाळीस ते साठ या वयाच्या स्त्रियांची असते. त्यांच्याबरोबर आलेल्या सासूबाईंची किंवा आईचीही तीच तक्रार असते. पण ती सांगण्याची सवय त्यांना राहिलेली नसते.

ही वस्ती गमतीची आहे. रेल्वे स्थानकाचे नाव पूर्वी कोळीवाडा होते, आता गुरू तेगबहादूर नगर आहे. मूळ कोळ्यांच्या शेजारी फाळणीनंतर आलेली पंजाबी आणि सिंधी कुटुंबे स्थिरावली. त्यामुळे कोरड्या त्वचेवरचे घरगुती उपायही येथे एकाच गल्लीत तीन प्रांतांचे ऐकू येतात: एका घरी खोबरेल, दुसऱ्या घरी मोहरीचे तेल, तिसऱ्या घरी दुधाची साय. ‘शीव’ म्हणजे गावाची हद्द, मुंबई बेटाची सीमा. त्वचा ही शरीराची शीवच आहे. आतले पाणी आत ठेवायचे आणि बाहेरचे उपद्रवी बाहेर, हे तिचे मुख्य काम. रजोनिवृत्तीनंतर या हद्दीवरचा पहारा सैल होतो, असे समजावे.

नेमके काय होते, ते थोडे खोलात पाहू. त्वचेचा सर्वांत वरचा थर चिरेबंदी भिंतीसारखा असतो. चपट्या, निर्जीव पेशी हे चिरे आणि त्यांच्या दरजांमध्ये भरलेले स्निग्ध पदार्थ हा चुना. या चुन्यामुळेच आतले पाणी बाहेर झिरपत नाही. त्याच्यावर तैलग्रंथींतून येणाऱ्या तेलाचा पातळ हात फिरलेला असतो. भिंतीखालच्या थरात कोलॅजन नावाच्या तंतूंची वीण असते आणि त्या विणीत पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात. या सगळ्या व्यवस्थेला स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा आधार असतो. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन घटते, तशी तेलाची निर्मिती कमी होते, दरजांतील चुना विरळ होतो आणि कोलॅजनची वीण उसवू लागते. पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजन सुमारे तीस टक्क्यांनी कमी होते आणि त्यानंतर दर वर्षी साधारण दोन टक्क्यांनी घटत राहते, असे या विषयावरील अभ्यासांत दिसून आले आहे. पुरुषाची त्वचाही वयानुसार कोरडी होते. परंतु ती उतारावरून सावकाश चालत जाते, स्त्रीची त्वचा मात्र त्या चार-पाच वर्षांत एकदम दोन पायऱ्या खाली उतरते. म्हणूनच ‘मागच्या वर्षापर्यंत मला कधी काही लावावे लागले नाही’ हे वाक्य इतक्या जणींकडून ऐकू येते.

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे आपण धरतो. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास घडते. पाश्चात्त्य स्त्रियांमध्ये एक्कावन्नच्या सुमारास. ज्यांची बीजकोष काढण्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना मात्र ही पायरी एका दिवसात उतरावी लागते, मग वय अडतीस का असेना. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्याच्या विधिमंडळात गाजला, तेव्हा या अकाली रजोनिवृत्तीची थोडी चर्चा झाली होती. आपल्या घरात कोणाची ‘पिशवी काढलेली’ असेल, तर शस्त्रक्रियेच्या कागदांवर बीजकोषही काढले आहेत का, हे एकदा वाचून घ्यावे. कोरडी त्वचा हा त्यातला लहान भाग झाला. हाडांची काळजीही त्याच कागदावर अवलंबून असते.

आता मासळी विकणाऱ्या भगिनींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ऋतू, वय आणि काम या तिन्हींचा भार त्यांच्या त्वचेवर एकदम पडतो. पहाटे उठून भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला जायचे, माल घ्यायचा आणि मग दिवसभर बर्फ, खारे पाणी, खवले, सुरी यांत हात. ओले-कोरडे, ओले-कोरडे असे दिवसातून पन्नास वेळा झाले की दरजांतील चुना धुऊन जातोच. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात हातांना विसावा मिळावा, तर तेव्हा सुक्या मासळीचे मीठ असते. नारळी पौर्णिमेनंतर ताजी मासळी सुरू होते आणि दोन-तीन महिन्यांत कोरडा वाराही येतो. चाळिशीपर्यंत हे सारे सहन करणारे हात पन्नाशीला उलतात: बोटांच्या पेरांवर उभ्या चिरा, तळव्यावर खरबरीत कवच, अंगठ्याच्या कडेला न भरणारी भेग. तिच्यात लिंबाचा किंवा मिठाचा थेंब गेला की डोळ्यांत पाणी येते.

अशा हातांसाठी उत्तम उपाय मलमाच्या नळीत नाही, हातमोज्यांत आहे. रबरी हातमोजे एकटे घातले तर आत घाम साचून त्वचा आणखी भिजते. म्हणून आत सुती मोजे आणि वर रबरी, अशी जोडी हवी. बाजारात मोजे घालून माशाचे तुकडे करता येत नाहीत, असे मला ठामपणे सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहे. मग निदान बर्फ उपसताना, पाट्या धुताना आणि घरी भांडी घासताना तरी घालावेत. काम संपल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन, टिपून, पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. आणखी एक सूचना: माशाचा काटा बोचल्यावर दोन-तीन दिवसांत बोट जांभळट लाल होऊन सुजले, दुखू लागले, तर त्याला कोरडेपणाची भेग समजू नये. मासळी आणि मांस हाताळणाऱ्यांना होणारा एक जंतुसंसर्ग तशाच रूपात दिसतो आणि तो योग्य प्रतिजैविकाने बरा होतो. हळद लावून आठवडा घालवण्यात अर्थ नाही.

टाचांकडे वळतो. १९३४ साली डेन्मार्कचे त्वचारोगतज्ज्ञ हाक्स्टहाउसेन यांनी पाळी जाण्याच्या वयातील स्त्रियांच्या तळव्यांवर दिसणाऱ्या एका विकाराचे वर्णन केले. टाचांच्या दाब पडणाऱ्या भागावर त्वचा जाड, पिवळसर आणि कडक होते, थंडीत तिला खोल भेगा पडतात, पुढे तळहातांवरही तसेच कवच येऊ शकते. वजन जास्त असलेल्या आणि रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांत हे अधिक दिसते. आपल्याकडे याला कोणी विकार म्हणत नाही. ‘अनवाणी चालून टाचा फुटल्या’ एवढ्यावर विषय संपतो. पण जिला बाजारात दिवसभर उभे राहून पोट भरायचे आहे, तिची एक खोल भेग म्हणजे त्या दिवसाची कमाई असते.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या एका मावशींना त्यांची मुलगी दवाखान्यात घेऊन आली. टाचेची भेग महिनाभर होती. तिच्यात मेण भरून, वर पट्टी गुंडाळून त्या रोज कामावर जात होत्या. आल्या तेव्हा लाली घोट्याच्या वर चढली होती आणि अंगात ताप होता. बोटाच्या टोकावरून रक्त घेऊन साखर तपासली, तर ती तीनशेच्या पुढे निघाली. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. भेग खोल असूनही फारशी दुखत नव्हती, ही त्यांना जमेची बाजू वाटत होती. प्रत्यक्षात तीच धोक्याची खूण होती, कारण पायाची संवेदना कमी झाल्याशिवाय एवढी भेग न दुखणे शक्य नाही. रुग्णालयात आठवडाभर राहावे लागले. पाय वाचला. तेव्हापासून भेगा दाखवायला आलेल्या प्रत्येक स्त्रीची साखर तपासण्याचा माझा आग्रह अधिक कडक झाला आहे, आणि ‘पायाला कुठे तपासणी लागते का’ असे म्हणणाऱ्यांना मी हीच हकीकत सांगतो.

टाचांची निगा राखणे अवघड नाही, चिकाटी मात्र लागते. रात्री दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय बुडवावेत. मधुमेह असेल आणि पायाला बधिरता असेल, तर पाय शेकणे किंवा गरम पाण्यात बुडवणे पूर्ण वर्ज्य; साध्या पाण्याने धुवावेत आणि पाण्याची ऊब दुसऱ्या कोणाच्या तरी कोपराने पाहावी. नंतर वज्रीने हलक्या हाताने घासावे. हलक्या हाताने, कारण जाड कवच रक्त येईस्तोवर खरवडण्याची आपल्याकडे हौस आहे. ब्लेडने कापणे तर कोणीच करू नये. पाय टिपून युरियायुक्त मलम लावावे. अंगासाठी दहा टक्क्यांचे पुरते, टाचांसाठी वीस-पंचवीस टक्क्यांचे लागते. उघड्या भेगेवर ते झोंबते, म्हणून भेग भरेपर्यंत तेथे नुसती पेट्रोलियम जेली. वर सुती मोजे घालून झोपावे. जाडी उतरायला तीन-चार आठवडे लागतात. मधुमेह्यांनी सॅलिसिलिक आम्ल असलेली मलमे किंवा पट्ट्या स्वतःच्या मनाने वापरू नयेत. आणि मागून उघड्या सपाता शक्य तितक्या टाळाव्यात, कारण त्यांत टाचेची गादी दोन्ही बाजूंनी पसरते आणि भेग रुंदावते.

कोकणात टाचांना भिरंडेल लावण्याची रीत आहे. कोकमाच्या बियांपासून काढलेले हे घट्ट तेल खोलीच्या तापमानाला गोठलेले राहते आणि तळव्याच्या उबेने विरघळते. भेगांवर ते छान बसते. ज्यांच्या घरी गावाहून गोळा येतो, त्यांनी महागड्या मलमांच्या मागे लागण्याचे कारण नाही.

इतर तेलांचे काय? २००४ मध्ये फिलिपाइन्समधील एका छोट्या अभ्यासात शुद्ध खोबरेल आणि खनिज तेल यांची कोरड्या त्वचेवर तुलना केली गेली; दोन्ही सारखीच उपयोगी आणि निर्धोक ठरली. आपले खोबरेल त्यामुळे निश्चिंतपणे वापरावे. मोहरीच्या तेलाबद्दल मात्र माझे मत शेजारच्या पंजाबी कुटुंबांना फारसे रुचत नाही. ते उष्ण वाटते, कारण ते त्वचेला चुरचुरवते. प्रयोगांत त्याने त्वचेचे कवच सावरण्याऐवजी दुबळे केल्याचे आढळले आहे. ऑलिव्ह तेलाच्या बाबतीतही तसेच निष्कर्ष आहेत. कोवळ्या किंवा वयस्क त्वचेवर ही दोन्ही न लावलेली बरी. सायीचा वास आणि चिकटपणा राहतो, उपयोग थोडा. ग्लिसरीन चांगले, पण ते निव्वळ लावू नये, पाण्यात मिसळून लावावे आणि वरून जेलीचा किंवा तेलाचा हात द्यावा, नाहीतर कोरड्या हवेत ते त्वचेतलेच पाणी ओढून घेते.

तेल किंवा मलम किती आणि केव्हा, हा प्रश्न कोणते लावावे यापेक्षा महत्त्वाचा आहे. अंग ओलसर असताना, स्नानानंतर तीन-चार मिनिटांत लावले, तर पाणी आत कोंडले जाते. तासाभराने लावलेले मलम कोरड्या भिंतीवरच फिरते. मोठ्या माणसाच्या सर्वांगाला एकदा नीट लावायचे तर पंचवीस-तीस ग्रॅम मलम लागते, म्हणजे औषधाच्या दुकानातील एक नळी एका स्नानाला. महिनाभर एकच नळी पुरवणाऱ्यांना गुण येत नाही, त्याचे कारण हेच. म्हणून मी मोठ्या डब्यातील साधी, बिनवासाची, स्वस्त वस्तू सुचवतो. कोलॅजनची पूड पाण्यातून घेण्याची सध्या चलती आहे. त्यावरचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांपैकी बरेच त्या पुड्या विकणाऱ्यांच्याच पैशाने झाले आहेत. तेवढ्या पैशात वर्षभराची पेट्रोलियम जेली येते.

स्नानाविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण निम्मे नुकसान न्हाणीघरात होते. आमच्या भागात अनेक घरी नळाला पहाटे पाणी येते. घरातील स्त्री पाणी भरून, कडकडीत पाण्याने अंग शेकून कामाला लागते. गरम पाण्याने बरे वाटते, खाज क्षणभर थांबते आणि तासाभराने दुप्पट येते. कढत पाण्याने ताटावरचे तूप निघते, तसेच त्वचेवरचे तेलही. पाणी कोमट असावे, वेळ पाच-दहा मिनिटे. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू पाचच्या आसपास; नेहमीच्या अंगाच्या साबणाचा नऊ-दहा. साबण काखा, जांघा आणि पाय यांपुरता ठेवावा, हातापायांना आणि पाठीला रोज लागत नाही. पाण्यात जंतुनाशक द्रवाचे झाकण ओतण्याची सवय ताबडतोब बंद करावी. मुंबईचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येणारे पावसाचे पाणी आहे, ते तसे मृदू. पण टँकरच्या किंवा विंधन विहिरीच्या जड पाण्याने स्नान करावे लागत असेल, तर साबणाचा थर त्वचेवर राहतो आणि कोरडेपणा वाढतो. अशा घरी साबणाला आणखी रजा द्यावी.

दिवाळीच्या अभ्यंगाची आपली परंपरा या ऋतूला नेमकी साजेशी आहे, फक्त तिच्यातला क्रम आणि हात सांभाळावा. आधी भरपूर तेल, मग उटणे, तेही तेलात किंवा दुधात कालवून आणि न घासता. कोरडे उटणे खसाखसा चोळले, की पातळ झालेल्या त्वचेला बारीक चिरा पडतात. मुलतानी माती आणि लिंबू या वयात नकोच. पाणी भरपूर प्यायल्याने त्वचा टवटवीत होते, हा समजही पुष्कळ पसरला आहे. तहान भागेल इतके पाणी प्यावे, पण आठ-दहा पेले जास्त प्यायल्याने बाह्यत्वचेतील चुना भरून निघत नाही; आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांना तो सल्ला घातक ठरतो.

अनेक घरांत एक विलक्षण जोडी असते. सून पन्नाशीची, तिची पाळी नुकतीच गेलेली. सासू पंचाहत्तर-ऐंशीची, तिला जाऊन पंचवीस-तीस वर्षे झालेली. सुनेला रात्री अंगातून वाफा येतात, ती पंखा पूर्ण वेगात लावते. सासूला त्याच वाऱ्याने अंग उलते. सासूला न्हाऊ घालणे, तिच्या पाठीला तेल लावणे हे सुनेचे काम, आणि त्या कामात सुनेचे स्वतःचे हात दिवसातून कितीतरी वेळा पाण्यात-साबणात. या सुनांना मी एकच सांगतो: आईंच्या अंगाला लावाल तेव्हा त्याच डब्यातून आपल्याही हातांना लावा, वेगळी वेळ काढावी लागणार नाही. पंखा सासूच्या अंगावर थेट येणार नाही असा फिरवा. लोकरीचे कपडे अंगाला न लागता सुती कपड्यांवरून घाला.

ज्येष्ठांना तेल लावताना दोन धोके लक्षात ठेवावेत. पहिला निसरडेपणाचा. तळव्यांना तेल चोळून आजी न्हाणीघरात गेल्या आणि फरशीवर घसरल्या, की खुब्याचे हाड मोडते. इस्ट्रोजेन गेल्याने त्वचेबरोबर हाडेही विरळ झालेली असतात, म्हणून हा अपघात साधा राहत नाही. तळव्यांना जे काही लावायचे ते रात्री, अंथरुणात बसवून, वर मोजे घालून. आणि रात्री लघवीला उठताना हाताशी माणूस किंवा पायाखाली खडबडीत पायपुसणे हवे. दुसरा धोका आगीचा. जेली किंवा तेलकट मलमे कपड्यांत, पांघरुणात मुरतात आणि असा कपडा ठिणगीने झपाट्याने पेटतो. देवापुढे निरांजन लावणाऱ्या, शेगडीजवळ वाकणाऱ्या आजींचा पदर त्या दृष्टीने सांभाळावा, आणि असे कपडे वरचेवर गरम पाण्याने धुवावेत. तेलाचा हात बोटांच्या बेचक्यांत, स्तनांखाली आणि जांघेत मात्र फिरवू नये. तेथे आधीच ओल असते. मुंबईच्या हवेत तेथे बुरशी वाढायला वेळ लागत नाही.

खाज फार झाली की दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ येते. या नळ्यांपैकी अनेकींत तीव्र स्टेरॉइड असते. चार दिवस जादू वाटते, पण आधीच पातळ झालेली त्वचा आणखी पातळ होते, धक्का लागताच निळे-जांभळे डाग उमटतात आणि खाली बुरशी असेल तर ती पसरते. अशी अनेक मलमे २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. व्यवहारात ती मिळतात, हे आपण सगळेच जाणतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ‘वयोमानाने होतेच’ या वाक्याची. या वाक्याखाली पुष्कळ काही दडपले जाते. एकोणपन्नास वर्षांची एक गृहिणी दोन हिवाळे कोरड्या त्वचेसाठी मलमे बदलत होती. आवाज घोगरा झाला होता, बद्धकोष्ठ होता, केस विरळ झाले होते, मुंबईच्या नोव्हेंबरात ती स्वेटर घालून बसत असे. घरच्यांनी आणि तिनेही सारे काही पाळीच्या खात्यावर टाकले होते. थायरॉइडची तपासणी केली, गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत त्वचा निम्मी सुधारली. वजन, थकवा, मरगळ ही लक्षणे दोन्हींकडे सारखी असल्याने ही गफलत सहज होते. म्हणून नव्याने आलेला आणि चांगल्या निगेनेही महिनाभरात न हटणारा कोरडेपणा असेल, तर थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या साध्या रक्ततपासण्या एकदा करून घ्याव्यात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या यांनीही त्वचा कोरडी होते. त्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. पुरळ काहीच नाही पण सर्वांगाला सतत खाज, सोबत वजन उतरणे किंवा रात्रीचा ताप असेल, तर थांबू नये. रात्री खाज वाढते आणि घरातील दुसऱ्यांनाही सुटते, तर ती खरूज समजावी. आजींची सेवा करणाऱ्या बाईंसह सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावावे लागते.

आणि एखादाच चट्टा कोरडा, फिकट, त्यावर घाम येत नाही, केस झडलेले, स्पर्श कळत नाही, असे दिसले तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. आमच्यापासून जवळच वडाळ्याला १८९० मध्ये स्थापन झालेले अॅकवर्थ रुग्णालय आहे. त्या नावाचे भय अजूनही कित्येकांच्या मनात आहे. आज हा आजार ठरावीक मुदतीच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, औषधे सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. कापसाची वात फिरवून चट्ट्यावर स्पर्श कळतो का, हे घरच्या घरी पाहता येते.

राहिला तो विषय, जो आमच्याकडे दाराला हात लावून उठताना, चप्पल घालता घालता सांगितला जातो. इस्ट्रोजेन घटल्यावर योनिमार्गाची आणि बाहेरच्या नाजूक भागाची त्वचाही कोरडी व पातळ होते. आग होते, खाज सुटते, लघवीला जळजळते, वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. पती हयात नसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांनाही हे होते. त्याचा केवळ संबंधांशी संबंध जोडून लाजेने गप्प बसू नये. अंगाच्या कोरडेपणाला ऋतू असतो, याला नाही. बारा महिने तो तसाच राहतो आणि आपोआप जात नाही. त्या भागाला साबण, जंतुनाशक द्रव किंवा पावडर लावू नये. पाण्याचा अंश असलेले वंगण उपयोगी पडते. अल्प मात्रेचे इस्ट्रोजेनचे स्थानिक मलम स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने घेता येते आणि त्याचा गुण चांगला येतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर ते आधी सांगावे. पोटातून घ्यायची संप्रेरके मात्र निव्वळ त्वचेसाठी कोणी घेऊ नयेत. त्यांचा निर्णय गरमीच्या लाटा, हाडे, हृदय, वय हे सारे पाहून करायचा असतो.

त्या भागात पांढरट, चिरमुटलेला, सतत खाजणारा चट्टा दिसला, तर तो कोरडेपणा म्हणून तेलावर सोडू नये, तज्ज्ञाला दाखवावा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवायचे. घरातील सुनांनी, मुलींनी सासूबाईंचे कपडे धुताना हे पाहावे आणि त्यांना विचारावे. स्वतःहून त्या सांगतीलच असे नाही.